व्हर्च्युअल मशीन चालवता? या चुका टाळा

सर्व्हर जाम झाला की आमच्याकडे पहिला संशय लाइनवर. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कॉलेजात हेच झालं. एकाच सर्व्हरवर केव्हीएम (एका संगणकात अनेक आभासी संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारी लिनक्समधली सोय), त्यात पोरांची प्रॅक्टिकलची मशीनं आणि ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर. अधूनमधून सगळंच थिजायचं. पिंगला उत्तर नाही, कीबोर्ड मेलेला, बटण दाबून बंद करण्यावाचून इलाज नाही. कुणी व्होल्टेज म्हणे, कुणी मे महिन्याचं ऊन. नवा यूपीएस आला, रॅम बदलली, फरक शून्य.

मी मशीनं एकेक करून सुरू केली. एका पोराचं मशीन (गेस्ट) चालू असतानाच होस्ट, म्हणजे ही मशीनं चालवणारा मूळ सर्व्हर, अडकायचा. त्या पोराला गेस्टच्या आत रूट (सगळे अधिकार) होतं आणि त्यानं नेटवरून उतरवलेलं कर्नल मॉड्यूल (कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, जोडायचा कोड) लोड केलं होतं. होस्टवर २०१४च्या डीव्हीडीवरून टाकलेलं सेंटओएस ७ (लिनक्सचा एक प्रकार), त्यानंतर एकही अपडेट नाही. सीव्हीई-२०१५-५३०७ (सुरक्षा-दोषांच्या जाहीर यादीतला क्रमांक) हेच: गेस्ट अलाइनमेंट चेकचं एक्सेप्शन (मेमरीचा पत्ता नीट जुळला नाही की प्रोसेसर देतो ती त्रुटी) असं उठवतो की ते हाताळतानाच पुन्हा तेच उठतं. प्रोसेसरचा मायक्रोकोड (त्याच्या आतलाच मूळ कोड) त्या फेऱ्यात फिरत राहतो आणि होस्टचं काही ऐकतच नाही. इथे फायरवॉल, पासवर्ड कामाचे नाहीत. नोव्हेंबर २०१५ मध्येच पॅच आला होता. 'चालू सिस्टिमला हात लावू नये' म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. नेट मंद असेल तर अपडेट रात्री उतरवा किंवा पेन ड्राइव्हवर आणा, पण टाका. सेंटओएस ७ तर आता होस्टवर ठेवूच नका. त्याचे अपडेट जून २०२४ मध्ये थांबले.

दुसरी चूक घाईची. क्यूएमू (केव्हीएमसोबत मशीनचं हार्डवेअर भासवणारा प्रोग्रॅम) अपडेट केलं, गेस्टमध्ये रीस्टार्ट दिला, झालं म्हणून मोकळे. होस्टवरची जुनी प्रोसेस तशीच चालू राहते. मशीन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा; होस्टचं कर्नल बदललं असेल तर होस्टही.

'फ्लॉपी काढून टाकली, आता व्हेनम लागत नाही' असं समजू नका. व्हेनम म्हणजे क्यूएमूच्या फ्लॉपी कंट्रोलरमधला २०१५ चा दोष; त्यात फ्लॉपी बंद केली तरी कंट्रोलरचा कोड चालूच राहायचा.

व्हीएमवेअर वर्कस्टेशनमध्ये (व्हर्च्युअल मशीन चालवणारं आणखी एक सॉफ्टवेअर) थ्रीडी अ‍ॅक्सिलरेशन आपोआप चालू असतं. २०१८ मध्ये त्याच्याच शेडरमधून (थ्रीडी चित्र रंगवणाऱ्या कोडमधून) गेस्टला काही वेळा होस्टही लटकवता येत होता. प्रॅक्टिकलला थ्रीडी लागत नाही; मी ते मशीन बनवतानाच बंद करतो.

आणि सगळे कोअर, सगळी रॅम गेस्टला वाटून टाकू नका. होस्टला एक कोअर आणि दोन जीबी राखून ठेवा, म्हणजे गेस्टनं वाटेल तेवढा प्रोसेसर आणि रॅम खाल्ली तरी लॉगइन करून त्याला मारता येतं; वरच्या मायक्रोकोडच्या फेऱ्यात मात्र याचा उपयोग नाही.