घरचा अलार्म स्वतः बसवताय? खोकं मागवण्याआधी या चुका टाळा

लग्नसराई आली की मला फोन सुरू होतात. "परवा आठवडाभर गावाला चाललोय, अलार्म बसवायचाय, कुठला मागवू?" घराला बाहेरून उघडणारी दारं किती, असं विचारलं की पलीकडून आवाज बंद. पहिली चूक हीच. घर न बघता खोकं मागवायचं. मी आधी वहीच्या पानावर घराचा नकाशा काढायला लावतो. पुढचं दार, मागचं दार, जिन्यावरून गच्चीत जाणारं दार, गज नसलेल्या खिडक्या, सगळं त्यात आलं पाहिजे. ज्याला एवढाही धीर नाही, त्याने स्वतः बसवायच्या भानगडीत पडू नये.

परभणीला मावशीकडे जे झालं ते मला आजही लागतं. मावसभावाने जानेवारीत सेट आणला, हॉलच्या भिंतीवर हालचाल ओळखणारा पीआयआर सेन्सर लावला, समोरून चालून बघितलं, सायरन वाजला, सगळे खूश. मे महिन्यात सगळं घर लग्नाला नांदेडला गेलं. रात्री चोर स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने आत आला आणि कपाटातलं गंठण, आहेरासाठी काढून ठेवलेले पैसे घेऊन गेला. सायरन वाजलाच नाही. पॅनल, म्हणजे सगळे सेन्सर जोडलेला मुख्य डबा, चालू होतं, बॅटरीही भरलेली होती.

पीआयआर सेन्सर स्वतः काही सोडत नाही, फक्त उष्णता बघतो. माणसाच्या अंगाची उष्णता आणि मागच्या भिंतीची उष्णता यांतला फरक हलताना दिसला, तरच तो जागा होतो. जानेवारीच्या रात्री भिंत २० अंशांच्या आसपास आणि कातडी ३३-३४, म्हणजे फरक भरपूर. मे महिन्यात बाहेर ४२-४३, स्लॅब दिवसभर तापलेला, दारं-खिडक्या लावलेल्या. अशा घरात रात्रीसुद्धा भिंती ३४-३५ला असतात. मग सेन्सरने ओळखायचं कशावरून? खोक्यावर छापलेला ८-१० मीटरचा पल्ला आपल्याकडच्या उन्हाळ्यात धरायचा नाही. शिवाय हा सेन्सर समोरून आडवा जाणारा माणूस चटकन पकडतो, सरळ त्याच्याकडे येणारा उशिरा. मावशीकडे तो नेमका स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून होता, आणि त्या दारावर दुसरं काहीच नव्हतं.

म्हणून मी पैसे आधी दारांवर घालतो. बाहेर उघडणाऱ्या प्रत्येक दाराला, दार उघडताच कळवणारा चुंबकाचा डोअर सेन्सर लावायचा, कारण वैशाखाच्या उन्हाने त्याचं काही अडत नाही. फक्त लोखंडी दार किंवा चॅनल गेट असेल तर नेहमीचा छोटा प्लास्टिकचा घेऊ नका. लोखंड चुंबकाचा जोर ओढून घेतं आणि सेन्सर उगाच वाजत राहतो. शटरसाठी धातूच्या खोळीतला जाड मिळतो, तो घ्या. पीआयआर त्यानंतर, आणि तोही कपाटाकडे जाणाऱ्याला आडवा ओलांडावा लागेल अशा कोपऱ्यात. तपासणी मी मे महिन्यात करतो. दुपारी दोन तास घर बंद ठेवायचं आणि चारच्या सुमारास आत चालून बघायचं. कमी पडला तर मायक्रोवेव्हची (लहरी सोडून हालचाल ओळखणारी) जोड असलेला सेन्सर महाग असला तरी एक घ्यावा, पण दोन्हींपैकी एकाने पकडलं तरी वाजणारा बघून, कारण बरेचसे दोन्हींनी पकडल्याशिवाय वाजत नाहीत. चार स्वस्तातल्यांपेक्षा तो बरा.

दुसरं दुखणं लाईटचं. फक्त वायफायवर चालणारा अलार्म घेतात आणि राऊटर साध्या बोर्डाला. लाईट गेली की राऊटर बंद, मग मोबाईलवर काही येत नाही. राऊटर इन्व्हर्टरवर घ्याच, पण गल्लीतल्या केबलवाल्याच्या डब्याला बॅकअप नसेल तर तेवढ्याने भागत नाही. म्हणून सिम टाकता येईल असं पॅनल घ्या. त्यातही स्वस्तातली बरीच पॅनल फक्त टू-जीवर चालतात, आणि जिओचं टू-जी नेटवर्कच नाही, त्यामुळे त्यांत जिओचं सिम चालत नाही. फोर-जी पॅनल बघून घ्या. एका ओळखीच्याने सगळं नीट बसवलं आणि सिमचा रिचार्ज संपला ते चार महिने त्याच्या लक्षातच आलं नाही. मी दर महिन्याच्या १ तारखेला मुद्दाम दार उघडतो, फोन येतो का बघतो आणि रिचार्जची तारीख पॅनलच्या दाराआत पेन्सिलीने लिहितो.

डबल टेपवर सेन्सर चिकटवू नका. धुळीच्या चुन्याच्या भिंतीवर तो पहिल्या उन्हाळ्यात खाली येतो. ड्रिल घ्या, स्क्रू मारा.

माळवदाच्या जुन्या घरात दोन-दोन फुटी दगडी भिंती असतात. वायरलेसचा सिग्नल पोचतो का ते आधी सेन्सर हातात धरून बघा, मग भोकं पाडा.

पीआयआर सेन्सर ट्यूबलाईटजवळ नको. किड्यांमागे पाल येते आणि रात्री दोनला सायरन.

१२३४ हा कोड तसाच ठेवू नका, रिमोट दाराजवळच्या खिळ्याला टांगू नका.

पॅनलमध्ये पहिला नंबर पुण्यातल्या मुलाचा टाकतात. तो तिथून काय करणार? माझ्या घरी पहिला नंबर समोरच्या काकांचा आहे, मुलाचा दुसरा. काकांना सांगून ठेवलंय की फोन आला तर एकट्याने दारात जायचं नाही, आपल्या अंगणातला दिवा लावायचा, गल्ली जागी करायची आणि ११२ला फोन करायचा.