प्रथिनयुक्त आहार आणि लहान कुत्र्याची तहान

इंदूरच्या ऐन उन्हाळ्यात कुत्र्याला वरण-भाताऐवजी पाकिटातले प्रथिनयुक्त कोरडे खाद्य सुरू केले, तर वाढलेली तहान उन्हाची की नव्या खाण्याची, हे नुसते पाहून कळत नाही. गरजेहून जास्त मिळालेली प्रथिने यकृतात मोडली जाऊन युरिया तयार होतो आणि तो लघवीवाटे बाहेर टाकण्यासाठी मूत्रपिंडांना अधिक पाणी लागते. मात्र माझ्या मते अनेकदा खरे कारण खाद्याचा कोरडेपणा हेच असते, कारण वरण-भातात बरेच पाणी असते, तर पाकिटातल्या कोरड्या खाद्यात ते जेमतेम १० टक्के असते. म्हणून पाणी मोजूनच ठेवावे आणि २४ तासांनी उरलेले मोजावे. माळव्यातल्या कोरड्या हवेत वाटीतले पाणी उडूनही जाते, तेव्हा तेवढ्याच पाण्याची तशीच दुसरी वाटी कुत्र्याच्या आवाक्याबाहेर ठेवून तिच्यातली घट वजा करावी. पाच किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण २५० ते ३०० मिलिलिटर पाणी पुरते. नवे खाद्य ७ ते १० दिवसांत थोडे थोडे वाढवावे, कोमट पाण्यात भिजवून द्यावे. पाणी मात्र कधीही तोडू नये. पाच किलोच्या कुत्र्याचे रोजचे पिणे ५०० मिलिलिटरच्या वर जात असेल, तर खाद्याला दोष न देता पशुवैद्यांकडून रक्त व लघवी तपासून घ्यावी.