रिलीजचा गठ्ठा टॅगवरूनच बांधा

सांगलीतल्या हळदीच्या अडत्यांसाठी बिलाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर असो की दुसरं काही, नव्या आवृत्तीसाठी कामाचं फोल्डर झिप करू नका. चाचणीची बिलं, पासवर्डची फाइल, सगळं आत जातं. आवृत्ती क्रमांक आणि बदलांची नोंद गिटमध्ये (कोडचा इतिहास ठेवणारं साधन) कमिट करा, म्हणजे नोंदवून ठेवा, त्या नोंदीला टॅग म्हणजे आवृत्तीच्या नावाची खूण लावा, त्यावरून 'गिट आर्काइव्ह' ही गठ्ठा बांधणारी आज्ञा चालवा. प्रिफिक्सच्या (गठ्ठ्यातल्या फाइलींच्या नावाआधी लागणारं नाव) शेवटी तिरकी रेघ (/) हवीच, नाहीतर फोल्डर न बनता ते नाव प्रत्येक फाइलला चिकटतं. सबमॉड्यूल (आत जोडलेले दुसरे गिट प्रकल्प) मात्र यात येत नाहीत, वेगळे भरावे लागतात. म्हणून गठ्ठा कोऱ्या मशीनवर सोडून बिल्ड करून, म्हणजे त्यातून चालतं सॉफ्टवेअर बनवून, बघाच. शा-२५६ चेकसम (फाइल बदललेली नाही हे तपासायचा सांकेतिक आकडा) सोबत द्या. नंतर चूक सापडली तर टॅग हलवू नका, समजा आवृत्ती १.४.० होती तर सरळ १.४.१ काढा, कारण लोकांनी आधी घेतलेला टॅग आपोआप बदलत नाही.