घड्याळ करायला शिकताय? आधी काटे हातात घ्या

सोलापुरात मी वेगळ्या धाटणीची भिंतीवरची घड्याळं करते. या कामात नव्याने येणारी मुलं-मुली भेटली की पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, तबकडी कशाची करू?" माझी सुरुवातही तिथूनच झाली होती.

आमच्या पूर्व भागात जुना माग मोडीत निघाला की जेकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी विणायच्या यंत्राच्या, पुठ्ठ्याच्या कार्डांच्या माळा आणि लाकडी धोटे भंगारवाल्याकडे किलोवर मिळतात. वडील चादरीच्या मागावर होते, त्यामुळे ही कार्डं लहानपणापासून ओळखीची. कार्डाला भोक असेल तिथला ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर उचलला जातो, आणि त्यातून चादरीवर मोर उमटतो. त्याच कार्डांची मी तबकडी केली. मागून उजेड आला की भोकं चमकायची. काटे धोट्याच्या लाकडातून कापले. घरात सगळ्यांना आवडलं. चौथ्या दिवशी घड्याळ पावणेअकराला बंद पडलं. सेल बदलला, दोन दिवस चाललं आणि परत पावणेच्या ठोक्याला थांबलं.

कारण कळायला मला महिना लागला. मिनिटकाटा सहावरून बाराकडे चढत असतो आणि नऊवर आला की पूर्ण आडवा होतो. त्याचं वजन सगळ्यात जास्त ओढतं ते तिथं. सेल उतरलेल्या घड्याळाचा सेकंदकाटा बहुतेक वेळा नऊच्या आसपासच धडपडताना दिसतो, तोही याचमुळे. मशीनमध्ये क्वार्ट्‌झचा एवढासा तुकडा सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो. सर्किट ही संख्या पंधरा वेळा निम्मी करतं, की सेकंदाला एक ठोका उरतो. त्या ठोक्यासरशी छोटं चुंबक अर्धा फेरा फिरतं. दीड व्होल्टच्या एका सेलवर चालणारी ही ताकद. ती पातळ अॅल्युमिनियमच्या काट्यांना पुरते, लाकडाच्या पट्टीला नाही.

म्हणून आधी काटे ठरवा, मग मशीन, मग तबकडी. जड काटा हवाच असेल तर त्याची शेपटी मागे वाढवून तिथं पितळेचा तुकडा चिकटवा. काटा विणकामाच्या सुईवर ओवून फिरवा. सोडाल त्या जागी थांबला तर तोल जमला, टोक खाली झुकलं तर शेपटीला अजून वजन घाला. लांब काट्यांसाठी जास्त ताकदीची मशीनंही मिळतात, पण तोल साधायला शिकाच. मशीन घेताना तबकडीची जाडी मोजून न्या. शाफ्टच्या, म्हणजे काटे बसतात त्या दांड्याच्या, आट्या तबकडीबाहेर वायसर आणि नट बसेल एवढ्या यायलाच हव्यात. सगळे काटे बारावर ठेवून बसवा आणि मिनिटकाटा हाताने बारा फेरे फिरवून बघा, कुठं घासत नाहीत ना.

आकड्यांची काळजी करू नका. अमेरिकन डिझायनर जॉर्ज नेल्सन यांच्या स्टुडिओतलं बॉल क्लॉक बघा. त्यात एकही आकडा नाही, बारा गोळे आहेत. आपण आकडा वाचत नाही, काट्यांचा कोन वाचतो. आपल्या भाषेत तर हे अगदी उघड आहे. सव्वा, साडे, पावणे. काटा उजवीकडे आडवा, खाली किंवा डावीकडे आडवा, एवढं दिसलं की पुरे. माझ्या बहुतेक तबकड्यांवर आता चारच खुणा असतात.

काट्यांचा रंग मात्र तबकडीवर उठून दिसलाच पाहिजे. तपकिरी कार्डावर तपकिरी काटे लावून मी एक सुंदर घड्याळ केलं होतं. एका गिऱ्हाईक आजींनी ते आठवड्यात परत आणलं. "बाई, छान आहे, पण वाजले किती ते कळत नाही," म्हणाल्या. त्यांच्यासमोर बसून मी काटे पांढरे रंगवून दिले. तेव्हापासून मी घड्याळ खोलीच्या दुसऱ्या टोकाला टांगते आणि दिवे लावायच्या वेळी, अंधूक उजेडात, घरातल्या कुणालातरी हाक मारून वेळ विचारते.

घड्याळ देण्याआधी आठवडाभर चालू ठेवा. पावणेला त्याच्यासमोर उभे राहा.