हॉकीच्या बर्फावर बास्केटबॉलचं कोर्ट: एका रात्रीत अरीना कशी बदलायची

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचं कोल सेंटर किंवा बोस्टन कॉलेजचं कॉन्टे फोरम यांसारख्या ठिकाणी आइस हॉकी आणि बास्केटबॉल एकाच छताखाली चालतात. मधल्या वेळात बर्फ वितळवत नाहीत. साधारण १,५०० चौरस मीटरवर ३ सेंटीमीटर जाडीचा बर्फ म्हणजे ४५ हजार लिटर पाणी. तेही पातळ थर देत गोठवावं लागतं आणि मधल्या थरावर रेषा रंगवाव्या लागतात. त्यामुळे बर्फ जागेवरच राहतो. त्यावर उष्णतारोधक डेकिंग, म्हणजे जोडून बसवायच्या पॅनलांचं आवरण, बसतं आणि डेकिंगवर मेपलच्या लाकडाचं कोर्ट. ही रचना फसते ती बहुतेक वेळा हवेतल्या ओलाव्यामुळे, म्हणून तयारीची सुरुवात हवेपासून करा.

हॉकी संपली की वीज वाचवायला डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारं यंत्र) बंद करण्याचा मोह होतो. तो टाळा. यंत्र रात्रभर चालू ठेवा आणि माल आत आणायचं मोठं दार लागेल तेवढंच उघडा. पावसाळी रात्री ते तासभर उघडं राहिलं, तर आत आलेला ओलावा काढायला बराच वेळ जातो.

सामना संपल्यावर गोलपोस्ट हलवा, त्यांचे खुंटे काढा आणि भोकं बंद करा. मग झँबोनीचा (बर्फ खरवडून त्यावर पाणी सोडणाऱ्या गाडीचा) एक फेरा फक्त पात्याने मारा, पाणी सोडू नका. ओल्या बर्फावर डेकिंग ठेवलं तर ते गोठून चिकटतं आणि उचलताना बर्फाचे टवके निघतात. कडेच्या कठड्यालगत बर्फ नेहमी चढलेला असतो. तो एजरने (कडेचा बर्फ खरवडणाऱ्या छोट्या यंत्राने) उतरवा, नाहीतर तिथली पॅनलं डुगडुगतात. बर्फाचा भुगा पूर्ण झाडून काढा.

खुर्च्या पुढे येणार असतील तिथल्या काचा आणि कठडे काढा. प्रत्येक काचेवर तिच्या जागेचा क्रमांक हवा आणि ती ट्रॉलीवर उभीच जायला हवी. टफन्ड काचेच्या पृष्ठभागावर आदळलेला पक (हॉकीची रबरी चकती) ती सहन करते, पण तिचा कोपरा काँक्रीटला लागला तर अख्खी काच चुरा होते. त्यामुळे खाली टेकवताना रबराची पट्टी ठेवाच.

डेकिंगचं पॅनल १.२ बाय २.४ मीटरचं धरलं, तर पूर्ण रिंकला (बर्फाच्या मैदानाला) पाचशेच्या आसपास लागतात. विटांच्या बांधकामासारखे सांधे चुकवत ती मांडा आणि घट्ट भिडवा. फट राहिली की तिथून गारवा वर येतो आणि वरच्या लाकडावर नेमकी त्याच रेषेत ओल दिसते. गोल कोपऱ्यांची पॅनलं कापलेली असतात, ती आपापल्या कोपऱ्यातच बसतात.

मेपलची पॅनलंही बहुधा याच मापाची, दोनशेहून जास्त. कॉलेजचं कोर्ट २८.६५ बाय १५.२४ मीटर असतं आणि बाहेर मोकळी जागा सोडावी लागते. मांडणी मधल्या वर्तुळापासून बाहेर न्या. कोपऱ्यापासून सुरुवात केली तर प्रत्येक सांध्यातली मिलिमीटरभर चूक साठत जाते आणि पलीकडच्या टोकाला कोर्ट तिरकं पडतं. मधल्या दोन ओळी लेझरने किंवा ताणलेल्या दोरीने तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. शेवटची ओळ बसत नसेल तर हातोडा मारू नका: लाकूड फुगलेलं आहे. गोदामातली आर्द्रता ३५ ते ५० टक्क्यांत ठेवली तर ही वेळ क्वचितच येते. सगळं बसल्यावर चेंडू टप्पे देत कोर्टभर फिरा. जिथे आवाज बसका येतो आणि चेंडू कमी उसळतो, तिथे पॅनल खालून टेकलेलं नाही किंवा पॅनलं जोडणारी पिन नीट अडकलेली नाही.

बास्केटचे स्टँड जड असतात. ते प्लायवुडवरून न्या, थेट मेपलवरून नेल्यास चाकांचे खड्डे पडतात. रिंग ३.०५ मीटरवर, बॅकबोर्डचा दर्शनी भाग बेसलाइनपासून १.२२ मीटर आत. रिंग समतल आहे का, हे स्टँडला वजन लावून झाल्यावर तपासा, आधी नाही.

आता सर्वांत महत्त्वाची तपासणी. हवा २२ अंश सेल्सियस आणि आर्द्रता ५० टक्के असेल तर दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होतं) सुमारे ११ अंश येतो, आर्द्रता ६० टक्के झाली तर जवळजवळ १४. लाकडाचं तापमान याहून किमान २-३ अंश जास्त हवं. इन्फ्रारेड थर्मामीटरने ते मध्यभागी, दोन्ही बास्केटखाली आणि सांध्यांवर मोजा. प्रेक्षक आत आल्यावर पुन्हा मोजा, कारण हजारो माणसांच्या श्वासातून ओलावा वाढतो. ९ नोव्हेंबर २०१२ रोजी कॉलेज बास्केटबॉलसाठी अमेरिकी युद्धनौकांच्या डेकवर मांडलेल्या कोर्टांवर दव साचलं. फ्लोरिडा-जॉर्जटाउन सामना अर्ध्यावर थांबला आणि ओहायो स्टेट विरुद्ध मार्केट विद्यापीठ (Marquette) हा सामना सुरूच होऊ शकला नाही. तिथे खाली बर्फही नव्हता.

ओल दिसली तर नुसतं पुसून भागत नाही, ती परत येते. बाहेरची हवा कमी करा, डीह्युमिडिफायर पूर्ण क्षमतेवर न्या आणि पंख्यांनी हवा जमिनीलगत फिरवा, म्हणजे लाकूड हवेच्या तापमानाकडे सरकतं. सुरक्षित म्हणून बर्फ गोठवणारं शीतयंत्र आणखी थंड करणं ही मोठी चूक आहे. झाकलेल्या बर्फावर उष्णतेचा भार कमी असतो, त्यामुळे तो घट्ट राहील इतपत तापमान अंशभर वाढवता येतं आणि वरचं लाकूडही कमी गार पडतं.

उलट बदल करताना ओलसर मेपल एकमेकांवर रचू नका, पुसून आणि वाळवून मगच ट्रॉलीवर चढवा. डेकिंग उचलल्यावर बर्फावर दहिवर आणि सांध्यांचे ठसे दिसतील. ते कोरड्या फेऱ्याने खरवडा, मग ६० ते ७० अंशांच्या पाण्याचे दोन-तीन पातळ थर द्या. गरम पाणी वरचा थर किंचित वितळवून त्याच्याशी एकजीव होतं. प्रत्येक थर पूर्ण गोठल्याशिवाय पुढचा देऊ नका.