वीजबचतीची सेवा घरच्यांसोबत आखायची, तर हाताशी काय काय हवे

बिल समजावणारा मोबाइलवरचा निरोप असो, एसीची हंगामी साफसफाई असो किंवा जुने पंखे बदलून देणे असो, सेवा कागदावर पक्की होण्याआधी ती वापरणाऱ्या घरांत जाऊन या. आराखडा तयार करून मग मत विचारले की लोक भिडेखातर "बरे आहे" म्हणतात आणि पुढे ती सेवा कोणी वापरत नाही. पहिल्या भेटीला कोरे कागदच न्या.

सुरुवातीला बारा घरे पुरतात, पण ती एकाच तऱ्हेची नकोत. गोव्यातल्या फोंडा-डिचोलीकडची, विहिरीवर मोटर असलेली चार कौलारू घरे घ्या, म्हापसा-पर्वरीतले चार फ्लॅट घ्या आणि चार भाड्याच्या खोल्या घ्या. भाडेकरू यादीतून हमखास सुटतात. तिथे सबमीटर, म्हणजे खोलीपुरता वेगळा मीटर, बहुधा मालकाकडे असतो, पंखाही मालकाचा, वीज मात्र भाडेकरूच्या खिशातून जाते. मालकासमोर भाडेकरू मोकळेपणी बोलणार नाही, म्हणून त्यांची बैठक वेगळी ठेवा. प्रत्येक घरात दोन गोष्टी टिपून घ्या: बिल कोण भरतो आणि बटण कोणाच्या हातात असते. मुलगा बोटीवर किंवा आखातात असतो आणि तिथूनच बिल भरतो, गिझर लावणारी सासू इथे असते. अशा घरी निरोप एकट्या मुलाच्या फोनवर गेला तर त्याचा काही उपयोग नाही.

वेळ नीट निवडा. दुपारी एक ते चार कोणाच्या दारात जाऊ नका, रविवारची सकाळ ख्रिस्ती घरांसाठी सोडा. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधीचा आणि नंतरचा आठवडा मोजमापातूनच वगळा, कारण पाहुणे, माटोळीवरची (गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीवरची) रोषणाई आणि सतत चाललेले स्वयंपाकघर यांमुळे त्या दिवसांचे आकडे इतर दिवसांशी जुळत नाहीत. बायकांची बैठक साडेचार ते सहा, म्हणजे दिवेलागणीच्या आत संपायला हवी. आठ जणी हव्या असतील तर बारा जणींना बोलवा. कागद मराठीत असले तरी बोलणे कोकणीत होऊ द्या. येण्याजाण्याचा खर्च आणि वेळेचा मोबदला त्याच दिवशी हातात द्या.

सामानात सोळा अँपिअरचे प्लगमीटर घ्या, म्हणजे उपकरणाचा प्लग आणि भिंतीवरचे सॉकेट यांच्यामध्ये लावून त्याची वीज मोजणारे मीटर. सहा अँपिअरचे मीटर गिझरला लावले तर वितळू शकते. फ्रीजला मीटर सात दिवस ठेवा, कारण काँप्रेसर थांबत-थांबत चालतो आणि तासाभराच्या आकड्यातून काही कळत नाही. स्वस्तातल्या काही मीटरचा आकडा वीज गेली की पुसला जातो, म्हणून घरच्यांनी तो रोज रात्री वहीत लिहावा. छताच्या पंख्याला प्लगमीटर लावता येत नाही. तिथे घरच्या मीटरवर लुकलुकणारा लाल दिवाच कामी येतो. मीटरवर एका युनिटला किती लुकलुक हे छापलेले असते, समजा ३२००. फ्रीजसह सगळे बंद करून फक्त जुना ७५ वॉटचा पंखा लावा: दिवा साधारण दर पंधरा सेकंदांनी लुकलुकतो. मग दोन किलोवॉटचा गिझर लावा: सेकंदाला जवळजवळ दोनदा. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की किलोवॉट म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. घड्याळ घरच्यांच्याच हातात द्या.

मोजमापाइतकेच निरीक्षण महत्त्वाचे. जुलैत रिकाम्या खोलीत पंखा रात्रभर फिरताना दिसला तर ती उधळपट्टी म्हणून टिपू नका. आधी दोरीकडे पाहा: तिच्यावर मुलांचे शाळेचे गणवेश वाळत असतात. तो पंखा दहा तास चालला तर पाऊण युनिट जाते. ते वाचवायचे तर पंखा बंद करा असे सांगणारी सेवा काय कामाची? इथे खरा प्रश्न कपडे सुकवण्याचा आहे. बैठकीत तोच मांडला की उपाय घरच्याच सुचवतात: मशीनमध्ये दुसऱ्यांदा पिळणे, दोन कपड्यांत वीतभर अंतर ठेवणे, पावसाने उघडीप दिली की दोरी पडवीत नेणे.

बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा पंखा, तीसेक वॉटमध्ये चालतो, तरी तो बसवून कोणी विसरू नये. बहुतेक पंख्यांसाठी भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढावा लागतो आणि वेग रिमोटवर जातो. आजीला रिमोट सापडत नाही, मग पंखा रात्रभर एकाच वेगात राहतो आणि आठवडाभराने जुना पंखा परत मागितला जातो. नमुन्याचा पंखा आधी दोन घरांत पंधरा दिवस लावा, त्यातले एक घर वयस्करांचे असावे. भिंतीवरूनच वेग बदलणारे प्रकारही मिळतात, तेही दाखवा.

संमतीपत्र सोप्या मराठीत, एका पानाचे असू द्या. तासातासाची वीज पाहिली की घर केव्हा रिकामे असते हे कळते, आणि महिनोन्‌महिने कुलूपबंद राहणाऱ्या घरांच्या गावात ही भीती खरी आहे. नोंदींवर घरक्रमांक नको, आकडे व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकायचे नाहीत. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदाही सांगतो: उद्देश सांगून संमती घ्या, आणि ती मागे घेता आली पाहिजे.

सौर छताचा प्रश्न हमखास येतो. त्याचे वेगळे पान तयार ठेवा, नाहीतर बैठकीची नव्वद मिनिटे त्यातच जातात.

ॲप लगेच बनवू नका. दोन आठवडे एका माणसाने निरोप हाताने लिहून पाठवावेत आणि कोणता वाचला, कोणता नकोसा झाला हे विचारावे. शेवटच्या बैठकीनंतर पंधरा दिवसांत प्रत्येक घरी एक पान पोचवा: त्यांचे स्वतःचे आकडे, त्यांची कोणती सूचना घेतली, कोणती घेतली नाही आणि का.