सोलापुरातनं देवयानी दीर्घिका कशी बघायची

दिवाळीच्या अमावस्येच्या आसपास रात्री ९-१० ला तुळजापूर रोडने गावाबाहेर पडा, म्हणजे शहराचा उजेड पाठीमागं राहतो आणि बघायची ती दीर्घिका (गॅलक्सी, म्हणजे ताऱ्यांचा प्रचंड समूह) उत्तरेलाच. टेलिस्कोप नको, १०x५० ची (१० पट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगांची) दोन डोळ्यांची दुर्बीण, म्हणजे बायनॉक्युलर, बास. चादर अंथरून आडवेच व्हा, मान दुखत नाही. मोबाईल २० मिनिटं बंद म्हणजे बंद, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच.

आता डोक्यावर भाद्रपदांचा (पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदा नक्षत्रांच्या चार ठळक ताऱ्यांचा) मोठा चौकोन शोधा, त्याच्या ईशान्येकडच्या कोपऱ्यातनं देवयानी तारकासमूहाच्या ताऱ्यांची ओळ निघते, त्यातला दुसरा ठळक तारा पकडा आणि तिथनं शर्मिष्ठा तारकासमूहाच्या (कॅसिओपिया) एम आकाराकडे वळा, दोन फिकट तारे लागतील, दुसऱ्याच्या शेजारी जो धुरकट ठिपका दिसतो ना तीच ती! थेट बघू नका, जरा बाजूला नजर ठेवा, जास्त स्पष्ट दिसते.

तो उजेड सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालाय. १९२३ मध्ये एडविन हबल या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञानं याच ठिपक्याच्या फोटोत प्रकाश कमीजास्त होणारा एक तारा हेरला, त्यावरनं अंतर काढलं, आणि ही आपल्या आकाशगंगेच्या बाहेरची वेगळीच दीर्घिका आहे हे कळलं. मला तर अजून दरवेळी अंगावर काटा येतो.